टेकडी कायम, माणूस हंगामी

पुण्यात राहत असाल तर तळजाईची टेकडी तुम्हाला माहीत असणार. पहाटे साडेपाचपासून तिथे वर्दळ असते. धावणारे, चालणारे, कुत्री फिरवणारे, मोराचा आवाज आला की मोबाईल काढणारे. उन्हाळ्याच्या तोंडावर गिरिपुष्पाची झाडं गुलाबी होतात आणि मग इन्स्टाग्रामवर तळजाईच तळजाई. वनखात्याच्या कागदावर मात्र या जंगलाचं नाव वेगळं आहे : पाचगाव पर्वती.

हे नाव १९९५ साली सर्वोच्च न्यायालयाच्या एका निकालात आलं. खटल्यात एका बाजूला होते महाराष्ट्राचे मुख्य वनसंरक्षक. दुसऱ्या बाजूला होते वनखात्यात रोजंदारीवर राबणारे पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांतले मजूर. झाडं तोडली कुणी, जमीन कुणाची, असला वाद तिथे नव्हता. वाद होता तो पगाराचा. वर्षानुवर्षं जंगल उभं करणारा माणूस वर्षानुवर्षं हंगामीच का, एवढाच प्रश्न होता.

वनखात्याची उतरंड मराठीत वरून खाली वाचून बघा. प्रधान मुख्य वनसंरक्षक, मुख्य वनसंरक्षक, वनसंरक्षक, उपवनसंरक्षक, सहायक वनसंरक्षक, वनक्षेत्रपाल, वनपाल, वनरक्षक. आणि सगळ्यात शेवटी वनमजूर. वरच्या प्रत्येक पदात राखणं आहे, पाळणं आहे. शेवटच्या पदापाशी आलो की रक्षण गळून पडतं आणि मजुरी तेवढी उरते. खड्डा तोच खणतो, वणवा तोच विझवतो, पाणवठ्यावर पाणी तोच ओततो. हा शब्द असा का गळला, याचा इतिहास जवळपास पावणेदोनशे वर्षांचा आहे. गंमत म्हणजे त्याची सुरुवातही पुण्याजवळच होते.

दापोडीचा डॉक्टर

आजच्या दापोडीत तेव्हा एक सरकारी वनस्पती उद्यान होतं. इंग्रज त्याला 'दापुरी' म्हणत. अलेक्झांडर गिब्सन नावाचा स्कॉटिश डॉक्टर या बागेचा प्रमुख होता. ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत तो दख्खन आणि खानदेशात देवीच्या लसी टोचत हिंडला होता. लोकांची भाषा शिकला होता, झाडं ओळखायला लागला होता. १८४७ साली मुंबई सरकारने त्याला 'कॉन्झर्व्हेटर ऑफ फॉरेस्ट्स' नेमलं. आपला 'वनसंरक्षक' हा शब्द या पदाचंच मराठी रूप.

असं पद हिंदुस्थानात पूर्वी एकदा होऊन गेलं होतं. १८०६ साली मलबारात कॅप्टन वॉटसन याला नेमलं होतं, ते आरमारासाठी सागवान मिळावं म्हणून. मुंबईच्या गोदीत वाडिया मंडळी सागाची जहाजं बांधत होती. त्यातलं १८१७ साली बांधलेलं 'ट्रिंकोमाली' आजही इंग्लंडात हार्टलपूल इथे पाण्यावर तरंगतंय. वॉटसनने सागावर इतकी कडक मक्तेदारी बसवली की जमीनदार आणि व्यापारी चिडले आणि १८२३ साली ते पदच रद्द झालं. गिब्सनचं पद मात्र टिकलं. जंगल गेलं की ओढे आटतात, असं तो कोकणातल्या निरीक्षणांवरून सरकारला लिहून कळवत होता. म्हणजे 'संरक्षण' या शब्दाला लाकडापलीकडचा अर्थ तेव्हाच येऊ लागला होता.

गिब्सनच्या बागेतली झाडं रंगवण्यासाठी एक चित्रकार होता. त्याने काढलेली १७० च्या आसपास चित्रं आज एडिंबराच्या वनस्पती उद्यानात जपून ठेवली आहेत. 'दापुरी ड्रॉइंग्ज' म्हणून ती प्रसिद्ध आहेत. पानाच्या शिरा, फुलाचा उभा छेद, सगळं बारकाईने काढलेलं. चित्रकाराचं नाव मात्र कुठे नोंदलेलं नाही. नोंदीत नाव वरच्याचं आणि काम खालच्याचं, ही पद्धत इथपासूनची आहे.

तीन मजली खातं

१८५३ मध्ये रेल्वे आली आणि स्लीपरसाठी लाकूड हवं झालं. १८६४ मध्ये डीट्रिख ब्रँडिस हा जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ पहिला वन महानिरीक्षक झाला आणि देशभराचं खातं उभं राहिलं. १८६५ आणि १८७८ असे दोन कायदे आले. गावाचं रान सरकारी झालं.

या खात्यात भरती कोण होणार, हे सुरुवातीलाच ठरलं. वरच्या जागांसाठी तरुण विलायतेत निवडायचे आणि १८६७ पासून शिकायला फ्रान्स-जर्मनीत पाठवायचे. पुढे ही सोय इंग्लंडातच कूपर्स हिल इथे आणि १९०५ नंतर ऑक्सफर्डला झाली. मधल्या जागांसाठी, म्हणजे रेंजर वगैरेंसाठी, १८७८ साली डेहराडूनला शाळा निघाली. तिथे हिंदी माणूस शिकू शकत होता. १८९१ मध्ये प्रांतिक सेवा वेगळी काढली. इम्पीरियल, प्रोव्हिन्शियल आणि सबऑर्डिनेट असे तीन मजले तयार झाले. वरच्या मजल्यावर गोरा साहेब, मधल्या मजल्यावर शिकलेला हिंदी माणूस आणि तळाशी गावातलाच गार्ड. गार्डचा पगार इतका तुटपुंजा की तो खात्याचा असूनही गावाच्याच आधाराने जगायचा. मजूर तर या इमारतीत मोजलाच नव्हता. तो बाहेर, अंगणात.

तळाच्या माणसाला हे दोन्हीकडून महाग पडलं. जोतीराव फुल्यांनी १८८३ मध्ये 'शेतकऱ्याचा असूड' पुरा केला. त्यात जंगलखात्यामुळे शेतकऱ्याच्या गुरांना चरायला जागा उरली नाही, ही तक्रार ठासून मांडलेली आहे. ठाणे जिल्ह्यातला असंतोष इतका वाढला की १८८५ साली सरकारला 'बॉम्बे फॉरेस्ट कमिशन' नेमावं लागलं. १९३० मध्ये बागलाण, संगमनेर, बिळाशी, पुसद, चिरनेर इथे जंगल सत्याग्रह झाले. चिरनेरला २५ सप्टेंबरला गोळीबार झाला, माणसं मेली. गावकऱ्यांच्या नजरेला सरकार म्हणून दिसायचा तो गार्डच. नॅन्सीला शिकून आलेला साहेब गावात कशाला येतोय? गुरं कोंडवाड्यात घालायची तीही गार्डने आणि शिव्या खायच्या त्याही त्यानेच.

स्वातंत्र्याच्या सुमारास बाळासाहेब खेरांच्या सरकारने मुंबई प्रांतात जंगल कामगार सहकारी संस्था सुरू केल्या. झाडं तोडणारा आदिवासी मजूर ठेकेदाराच्या तावडीतून सुटावा, हा त्यामागचा हेतू होता. तोड करणाऱ्याला निदान कागदावर एक संस्था मिळाली. झाडं लावणारा मजूर म्हणून वेगळा वर्ग तेव्हा नजरेतच नव्हता, कारण लागवडीचं काम अजून तेवढं वाढलेलं नव्हतं.

पिशवी, खड्डा, हजेरीपट

ते वाढलं १९७० नंतर. १९७२ चा दुष्काळ, रोजगार हमी, त्याच वर्षीचा वन्यजीव संरक्षण कायदा, १९७३ चा व्याघ्र प्रकल्प (पहिल्या नऊ प्रकल्पांत आपलं मेळघाट होतं), १९८२ चं सामाजिक वनीकरण खातं. दहा-बारा वर्षांत 'झाडे लावा' ही सरकारी घोषणा झाली आणि घोषणेच्या मागे माणसं लागली.

पुण्यात १९७६ साली पाचगाव पर्वतीच्या योजनेला सुरुवात झाली. शहराच्या दक्षिणेला असलेल्या उघड्या टेकड्यांवर झाडं लावायची, लोकांना फिरायला, मुलांना शिकायला जागा करायची, अशी कल्पना. आज आपण तिथे धावतो म्हणजे कल्पना यशस्वी झाली असं म्हणायला हरकत नाही.

ती यशस्वी कशी झाली ते बघा. उन्हाळ्यात मुरमाड जमिनीत खड्डे खणायचे. समतल चर काढायचे. रोपवाटिकेत माती-खत मिसळून काळ्या पिशव्या भरायच्या. पाऊस पडला की डोक्यावरून रोपं चढावर न्यायची. मेलेल्या रोपाच्या जागी दुसरं लावायचं. दिवाळीनंतर गवत वाळलं की जाळरेषा काढायच्या, वणवा लागला तर हिरव्या फांद्यांनी झोडपून विझवायचा. गुरं हाकलायची. आणि हे सगळं एकदा करून भागत नाही, वर्षामागून वर्षं करावं लागतं. टेकडी एका हंगामात हिरवी होत नसते.

पैसे मात्र हंगामी येतात. योजना मंजूर होते, तिला लेखाशीर्ष मिळतं, त्यातून हजेरीपट निघतो. योजनेचा निधी संपला की हजेरीपट बंद. माणूस तोच, टेकडी तीच, फक्त लेखाशीर्ष बदलतं. त्यात कामगार कायद्यातला २४० दिवसांचा हिशेब असतो. वर्षात २४० दिवस भरले तर नोकरी सलग धरली जाते आणि हक्क लागू होतात. मग कुठे निधीअभावी तर कुठे जाणूनबुजून, त्याआधीच खंड पडतो. सर्वोच्च न्यायालयापुढे आलेले मजूर पाच-सहा वर्षं काम करत होते आणि त्यांचे दिवस वर्षाला १०० ते ३३० असे भरत होते.

मजुरी किमान वेतनाची. कायम नोकराला मूळ पगार, महागाई भत्ता, वार्षिक वाढ, रजा, निवृत्तिवेतन. रोजंदारीवाल्याला रोज, आणि तोही आला त्या दिवसाचाच. चढावर पाय मुरगळला तर त्या आठवड्याची चूल कशी पेटवायची ते ज्याचं त्याने बघायचं.

राजाचं काम की कुणाचंही?

महाराष्ट्रात १९७१ चा एक कायदा आहे. कामगार संघटनांना मान्यता आणि अनुचित कामगार प्रथांना प्रतिबंध, असं त्याचं लांबलचक नाव. त्याच्या चौथ्या परिशिष्टात एक बाब आहे : कायम कामगाराचे हक्क मिळू नयेत या हेतूने माणसांना वर्षानुवर्षं बदली, कॅज्युअल किंवा तात्पुरतं ठेवणं ही अनुचित प्रथा. मजूर या बाबीवर बोट ठेवून औद्योगिक न्यायालयात गेले.

सरकारचा बचाव दुहेरी होता. एक, वनखातं हा 'उद्योग' नाहीच, जंगल राखणं हे राज्याचं सार्वभौम काम आहे, त्यामुळे कामगार कायदे इथे चालत नाहीत. दोन, माणसं बरीच वर्षं तात्पुरती राहिली हे खरं, पण त्यांचे हक्क बुडवावेत असा आमचा हेतू नव्हता.

सर्वोच्च न्यायालयाने ५ डिसेंबर १९९५ ला दोन्ही मुद्दे फेटाळले. सार्वभौम कामं म्हणजे कायदे करणं, न्याय देणं, अशी दुसऱ्या कुणाला सोपवताच येणार नाहीत अशी कामं. टेकडीवर झाडं लावून लोकांसाठी उद्यान करणं हे त्यात बसत नाही, एखादी खासगी संस्थाही ते करू शकते. म्हणून या योजनेपुरता वनखात्याचा हा भाग उद्योग ठरतो. आणि हेतूबद्दल म्हणाल तर माणसाला इतकी वर्षं कॅज्युअल ठेवलं यातच हेतू दिसतो. मजूर जिंकले.

मला हा निकाल वाचताना एक विसंगती दिसते. १८४७ पासून जंगलावर ताबा मिळवताना राज्याने सांगितलं की हे फार मोठं, राज्यालाच शोभणारं काम आहे. त्याच जोरावर गुरं अडवली, दंड केले, गोळ्या झाडल्या. हेच काम करणाऱ्याने पगार मागितला तेव्हाही राज्याने तीच ढाल पुढे केली. मजुराला हक्क मिळायचा तर न्यायालयाला म्हणावं लागलं की हे काम तेवढं 'राजेशाही' नाही. कामाची प्रतिष्ठा आणि करणाऱ्याचा पगार या दोन गोष्टी एका तराजूत आल्याच नाहीत. काम थोर ठरलं की मजूर हरणार आणि साधं ठरलं की जिंकणार.

अधिसंख्य

निकालानंतर आठ आठवड्यांनी, ३१ जानेवारी १९९६ ला, महाराष्ट्र सरकारने शासन निर्णय काढला. १ नोव्हेंबर १९८९ ते ३१ ऑक्टोबर १९९४ या पाच वर्षांत दर वर्षी किमान २४० दिवस काम केलेल्या रोजंदारी वनमजुरांना कायम करायचं ठरलं. सुमारे ८,००० पदं तयार झाली. आठ हजार घरांत पहिल्यांदा महिन्याचा पगार आला. ही लहान गोष्ट नव्हे.

पण ती पदं होती 'अधिसंख्य'. सरकारी मराठीतला हा शब्द समजून घ्यायला हवा. अधिसंख्य पद म्हणजे मंजूर आकृतिबंधाबाहेरचं, त्या माणसापुरतं निर्माण केलेलं पद. तो निवृत्त झाला की पदही संपतं, मागे जागा उरत नाही. म्हणजे माणूस कायम झाला पण काम कायम झालं नाही. त्याच्या जागी त्याच टेकडीवर, त्याच जाळरेषेवर येणारा पुढचा माणूस पुन्हा रोजंदारीवरच.

आणि ज्याचे एखाद्या वर्षी २३० दिवस भरले, तो? तो बाहेर. मग पुन्हा अर्ज, पुन्हा औद्योगिक न्यायालय, जुने हजेरीपट शोधत कार्यालयांच्या पायऱ्या. २००१ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेच गुजरातच्या प्रकरणात सांगितलं की वनखात्याचा एखादा भाग उद्योग आहे की नाही हे त्या-त्या ठिकाणच्या पुराव्यावरून ठरेल. म्हणजे प्रत्येकाने आपापल्या टेकडीचा पुरावा आणायचा. २००६ मध्ये घटनापीठाने 'उमादेवी' निकालात मागच्या दाराने नोकरीत कायम होण्यावर बंदी घातली. २००९ मध्ये महाराष्ट्राच्याच एसटी कामगारांच्या खटल्यात न्यायालयाने स्पष्ट केलं की उमादेवीमुळे औद्योगिक न्यायालयाचे अधिकार जात नाहीत. दार बंद झालं, मग किलकिलं झालं. ऑक्टोबर २०१२ मध्ये सरकारने राहिलेल्या मजुरांसाठी आणखी एक निर्णय काढला. पण मधल्या काळात, १ नोव्हेंबर २००५ पासून, नव्याने सरकारी नोकरीत येणाऱ्यांची जुनी पेन्शन बंद झाली होती. कायम व्हायला उशीर झाला याची किंमत म्हातारपणी मोजावी लागणार होती.

बीटवरची बाई

तळाच्या या मजल्यावर आणखी एक बदल झाला. १९६६ मध्ये भारतीय वन सेवा सुरू झाली, पण तिच्यात पहिल्या स्त्रिया आल्या त्या १९८० च्या तुकडीत. महाराष्ट्रात १९९४ च्या महिला धोरणाने सरकारी नोकऱ्यांत ३० टक्के जागा स्त्रियांसाठी राखल्या आणि हळूहळू वनरक्षक म्हणून बायका बीटवर दिसू लागल्या. रोपवाटिकेत पिशव्या भरणाऱ्या बायका कायमच होत्या. त्यांना कुणी वनखात्यातल्या स्त्रिया म्हणून मोजलं नव्हतं, एवढंच. मोजणी सुरू झाली ती गणवेश अंगावर आल्यावर.

२० नोव्हेंबर २०२१. ताडोबात व्याघ्रगणनेच्या तयारीसाठी खुणा नोंदवायचं काम चालू होतं. कोलारा भागात एक महिला वनरक्षक तीन वनमजुरांना घेऊन सकाळी पायी निघाली. पुढे वाटेवर वाघीण बसलेली दिसली. ते थांबले, वाट पाहिली, मग वळसा घालून झाडीतून जाऊ लागले. वाघिणीने मागून हल्ला केला. त्या वनरक्षकाचा मृत्यू झाला.

बातमीत तिचं नाव आलं, फोटो आला, मदत जाहीर झाली, ते योग्यच होतं. मी पुन्हा पुन्हा विचार करते तो त्या तिघांचा. तेही त्याच वाटेवर, तितक्याच अंतरावर होते. वाघिणीने झडप घालताना पदनाम पाहिलं नव्हतं. त्या दिवशी ते मेले असते तर त्यांच्या घरच्यांना काय मिळालं असतं, हे ते कोणत्या हजेरीपटावर होते यावर ठरलं असतं.

आपण आणि आपला फॉर्म

२०२३ मध्ये महाराष्ट्रात वनरक्षकाच्या २,१३८ जागा निघाल्या. हे वाचणाऱ्यांपैकी काहींनी फॉर्म भरलाही असेल, पहाटे मैदानावर पाच किलोमीटरचा सराव केला असेल. वेतनश्रेणी २१,७०० पासून. भारतीय वन सेवेत सुरुवात ५६,१०० पासून. गिब्सनच्या काळच्या मजल्यांमधलं अंतर आता कितीतरी कमी झालंय आणि मधला जिना परीक्षेचा आहे, जन्माचा नाही. हा बदल खरा आहे.

पण अंगण अजून आहे. शिवाय तिथे आता फक्त वनमजूर नाहीत. प्राणिशास्त्रात एम.एस्सी. झालेली, कॅमेरा ट्रॅप लावणारी, विष्ठेचे नमुने गोळा करणारी मुलंमुली आहेत. अकरा महिन्यांचा करार, मग खंड, मग नव्या प्रकल्पाचं नवं लेखाशीर्ष. सुरुवातीला तर बिनपगारी, 'अनुभव मिळेल' म्हणून. यात ज्याच्या घरी दोन-चार वर्षं सांभाळून घेण्याइतकं आहे तोच टिकतो. एकेकाळी वर कोण जाणार हे विलायतेतल्या शिक्षणाने ठरायचं, आता बऱ्याचदा ते घरच्या ऐपतीवर ठरतं. निसर्गावर प्रेम असणं आणि ते परवडणं यात फरक आहे. आपल्या पिढीने २४० दिवसांचा तो जुना हिशेब म्हणूनच माहीत करून घ्यायला हवा. एकट्याने नाही, संघटना करून, हजेरीपट जपून ठेवून, काही मजुरांनी तो जिंकून दाखवला आहे.

आता तळजाईला, नाहीतर कुठल्याही रोपवनात गेलात की प्रवेशापाशी वनखात्याचा फलक असतो, तो वाचा. रोपवनाचं वर्ष, क्षेत्र हेक्टरमध्ये, रोपांची संख्या, प्रजाती : लिंब, करंज, शिसू, बांबू. झाडांची नावं असतात. खड्डे कुणी खणले, ते नसतं.